गुडघ्यांना चालतं ठेवा

जिना चढताना दुखतं, उतरताना जास्तच कळ येते. मांडी घालून बसलं की उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. सकाळी पाय आखडलेले असतात, थोडं फिरलं की मोकळे होतात. पन्नाशीनंतर घरोघरी ऐकू येणाऱ्या या तक्रारींमागे बरेचदा ऑस्टिओआर्थ्रायटिस असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा विकार होता. त्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या आणि सर्वाधिक त्रास गुडघ्यांचा होता.

गुडघ्यात हाडांची टोकं कूर्चेच्या गुळगुळीत थराने मढवलेली असतात. या थरात रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की तो दबतो, उचललं की सांध्यातला द्रव स्पंजासारखा शोषून घेतो. त्याचं पोषण होतं ते असं. वय, वाढलेलं वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता यांमुळे हा थर हळूहळू विरतो. हाडांच्या कडा वाढतात, सांध्याच्या अस्तराला सूज येते.

कूर्चेला संवेदना नसते. दुखतं ते भोवतालचं हाड आणि अस्तर. म्हणूनच एक्स-रे खराब असूनही कुणी मजेत चालतं, तर कुणाला किरकोळ बदलांतही चालवत नाही.

‘वंगण संपलं, आता चालणं बंद करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि नुकसान तिथेच होतं. बसून राहिल्याने मांडीचे स्नायू सुकतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. त्यावर साधा व्यायाम आहे: पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती दाबून पाच अंक मोजायचे आणि पाय सैल सोडायचा. वजन घटवण्याचा फायदा तर चौपट! २००५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार एक किलो वजन उतरलं, की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

एवढं करूनही रात्रीची झोप उडत असेल, तर शस्त्रक्रिया आहेच. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले, एक २००० मध्ये आणि दुसरा २००१ मध्ये. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये मर्यादाही घातली.

सांधा लाल, गरम झाला, ताप आला किंवा सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकला, तर आजार वेगळा असू शकतो. लगेच डॉक्टरांना दाखवा. एरवी घरातल्या आई-आजीला ‘बसून राहा’ म्हणू नका. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम समजून घ्या आणि तिच्यासोबत रोज करा.