मेद, मत्स्य आणि पथ्य

तापीवरील उकाई धरण गुजरातेत असले तरी त्याचा फुगवटा आपल्या नवापूर तालुक्यापर्यंत पोहोचतो. या परिसरात मासा हे नित्याचे अन्न. त्यामुळे मेदोरोगाचा रुग्ण 'मासे चालतील का?' असे आम्हांस हमखास विचारतो. त्या माशाने काय खाल्ले, हे मात्र आपण विचारीत नाही.

चरकाचार्यांनी मत्स्यांत रोहित श्रेष्ठ मानला आणि जलचरांच्या मांसरसाची गणना प्रमेहाच्या हेतूंतही केली. तळ्यात वा पिंजऱ्यात वाढविलेल्या माशास मात्र बहुधा तयार खाद्य मिळते. त्यातील प्रथिने महाग. म्हणून ऊर्जेसाठी तेल घालून प्रथिने शरीरवृद्धीसाठी राखली जातात. युक्ती रास्त आहे. परंतु प्रमाण ओलांडले की मेद यकृतात व उदरात साचतो. अतिस्निग्ध आहार आणि अव्यायाम हे मेदोवृद्धीचे हेतू पिंजऱ्यातील माशासही चुकत नाहीत!

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिलापिया माशांच्या एका गटास १३ टक्के, तर दुसऱ्यास १ टक्का मेदाचा आहार १० आठवडे दिला गेला. पुढे ४ आठवडे आहारातून फेनोफायब्रेट हे मेदनाशक औषध दिले. मेदाम्लांचे ज्वलन दोन्ही गटांत वाढले. यकृतातील व रक्तातील ट्रायग्लिसराइड मात्र केवळ अतिस्निग्ध आहाराच्या गटात लक्षणीय घटले. औषध तेच, आहारानुसार फळ निराळे.

आपल्या गुग्गुळाचेही असेच झाले. १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. सत्यवती यांनी मेदोरोगाच्या अनुषंगाने त्याचा अभ्यास केला. १९९४ च्या भारतीय चाचणीत पथ्याहारासह गुग्गुळसत्त्व दिले असता एलडीएल सुमारे १२ टक्क्यांनी उतरले. २००३ च्या अमेरिकन चाचणीत, तेथील नेहमीच्या आहारावर, ते उलट किंचित वाढले. आहारभेद हेच एकमेव कारण, असे आम्ही म्हणणार नाही. पण दुर्लक्षिण्याजोगे ते खचितच नाही.

म्हणून औषधालयचालकांस विनंती, की आहार विचारल्याविना गुग्गुळकल्प देऊ नयेत. एखादा मत्स्यपालक माशांच्या खाद्यात मिसळण्यासाठी मेदनाशक गोळ्या मागू लागल्यास त्यास स्पष्ट नकार द्यावा आणि आधी खाद्यातील तेल तपासण्यास सांगावे. तो मासा उद्या आपल्याच रुग्णाच्या कालवणात पडणार आहे.