बिडी सोडायची नाही म्हणणाऱ्याशी बोलायचे कसे?

"एक दिवस मरायचंच आहे, मग बिडी ओढून मरू दे." वस्तीत आरोग्याचे काम करताना हे वाक्य मी घरोघरी ऐकते. मग घरची बाई चिडून बिडीचे बंडल मोरीत फेकते आणि तो पुन्हा टपरीवर जातो.

तयारी नसणे म्हणजे नुसता हट्ट नव्हे. नाक्यावर काम मिळेपर्यंत ताटकळताना, गटारीच्या वासात, उपाशीपोटी बिडीच हाताशी असते. निकोटिनची सवय लागली की बिडी लांबल्यावर जीव कासावीस होतो, ओढल्यावर शांत वाटते. माणूस समजतो, बिडीने टेन्शन घालवले. ते टेन्शन बरेचदा मागच्या बिडीनेच आणलेले असते.

आणखी एक अडचण पुरुष लाजून सांगत नाहीत: बिडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. हसू नका, ते खोटे बोलत नाहीत. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते. पण कोमट पाणी, थोडे चालणे, जेवणात पालेभाजी यांनीही हळूहळू पोट सुरळीत होते.

उपदेशाऐवजी एक प्रश्न विचारून पाहा. "बिडी सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहामध्ये आकडा सांगा." तो तीन म्हणाला, तर "एवढंच?" म्हणू नका. "शून्य का नाही म्हणालात?" असे विचारा. मग खोकला, जिना चढताना लागणारी धाप, पोरीने तोंड फिरवणे, हे तो स्वतःच सांगू लागतो. आपण ऐकायचे. मध्ये "मी सांगत नव्हते?" घातले की संपले! महिन्याने पुन्हा विचारायचे.

एका बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही. तो सोडो न सोडो, घरात बिडी पेटता कामा नये. दहा बाय बाराच्या खोलीत खिडकी उघडून किंवा पंखा लावून धुराचा धोका जात नाही. त्या धुराने लहान मुलांना न्यूमोनिया, दमा, कानाचे आजार होण्याचा धोका वाढतो. गरोदर बाईचे बाळ कमी वजनाचे होऊ शकते. बाहेर म्हणजे उंबऱ्यावर नव्हे, दारापासून लांब. टीबीचा धोकाही धूम्रपानाने वाढतो, म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या.

"मी कमी केली" म्हणणाऱ्याला शाबासकी द्या, पण खरे तेही सांगा. दिवसाला वीसऐवजी एकच सिगारेट ओढली, तरी हृदयविकाराचा वाढलेला धोका विसाव्या हिश्श्यावर येत नाही, निम्म्याच्या आसपास राहतो. शिवाय माणूस कमी ओढताना झुरके खोल घेतो. तरीही सकाळची पहिली बिडी अर्धा तास पुढे ढकलणे ही चांगली सुरुवात आहे. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते, हे त्याला तेव्हा स्वतःलाच कळते. डॉक्टरांना विचारून निकोटिनचा च्युइंगगम घेता येतो. तो सारखा चघळायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा. बिडीऐवजी मशेरी किंवा गुटखा मात्र नको, तिथे तोंडाचा कॅन्सर वाट पाहत असतो.

सरकारची तंबाखूमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. नंबर चिठ्ठीवर लिहून त्याच्या शर्टाच्या खिशात, बिडीच्या बंडलाशेजारीच ठेवून द्या. लावायचा की नाही, ते त्याला ठरवू द्या.