पैसे कुणाचे, अट कोणती?

आनंदीबाई जोशींना अमेरिकेला पोहोचवण्यात एका दातांच्या दवाखान्याचाही हात आहे! गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली. वाइल्डरनी ते पत्र आपल्या मासिकात छापलं आणि सोबत उत्तरही दिलं: आधी ख्रिस्ती व्हा. जोशी दांपत्यानं नकार दिला. विषय तिथंच संपायचा. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या आणि तो अंक त्यांच्या हाती पडला. बाईंनी थेट आनंदीबाईंना पत्र धाडलं. १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या याच 'मावशी'च्या घरी. मिशनऱ्याला हवं होतं धर्मांतर. मावशीनं काहीच मागितलं नाही.

असे दाते विरळाच. बाकीच्यांचं काहीतरी म्हणणं असतंच.

विलायतेला जाऊन सरकारी हुद्दा मिळवायचा, हे तेव्हाच्या शिकलेल्या घरांतलं स्वप्न. १९०५ मध्ये लंडनच्या श्यामजी कृष्णवर्मांनी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या त्या नेमक्या उलट अटीवर: मायदेशी परतल्यावर ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. त्यांचे सहकारी सरदारसिंह राणा यांनी शिवाजी महाराजांच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवली. टिळकांच्या शिफारशीवर ती सावरकरांना मिळाली आणि १९०६ मध्ये ते बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले.

बडोदा संस्थानाचा हिशेब वेगळा. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी. तसा करारच झाला. त्या पैशांतून घरी पाठवायचं, पोटाला चिमटा काढायचा आणि न्यूयॉर्कमधली जुनी पुस्तकं घ्यायची, असा त्यांचा संसार. पुढे लंडनला अभ्यास सुरू झाला. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि प्रबंध अर्धवट टाकून परतावं लागलं. करार पाळायला ते बडोद्याला गेले, तर शहरात जातीपायी कुणी जागा देईना. ओळख लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही हुसकावलं गेलं. दहा वर्षांची सेवा लिहून घेणाऱ्या संस्थानाला आपल्याच राजधानीत त्यांच्या डोक्यावर छप्पर देता आलं नाही. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडचं कर्ज यांच्या जोरावर.

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्येच कर्जाचा मार्ग धरला होता. परदेशी जा, शिका, कमवा, पैसे परत करा. त्यातून पुढचा जाईल. पहिल्या मानकरी दोघी डॉक्टर: फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. पुढे के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकरही याच निधीतून इंग्लंडला गेले. ही कर्ज-शिष्यवृत्ती आजही मिळते.

आज अटी राहिल्यात, फक्त त्या फॉर्ममध्ये शिरल्यात. बारावीनंतर अमेरिकेला अर्ज करताना 'आर्थिक मदत हवी का?' असं विचारलं जातं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा मोजक्या ठिकाणी परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश ठरतो आणि मग गरजेइतकी मदत मिळते. इतर बहुतेक कॉलेजांत तुम्ही किती मागता, याचं वजन निवडीतच पडतं. म्हणून काही पालक धोरणीपणानं 'नको'वर खूण करतात. एकदा आत शिरलं की बघू, असा हिशेब. तो बहुधा फसतो. बऱ्याच कॉलेजांचा नियम असा की प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही. पीएचडीला जाणाऱ्यांचा व्यवहार त्या मानानं सरळ: विभागासाठी शिकवा किंवा संशोधनात राबा, फी माफ आणि वर खर्चाला पैसे. तेव्हा रक्कम किती हे विचारण्याआधी देणाऱ्याला काय हवंय ते विचारावं, आणि उत्तर लेखी घ्यावं.