एकट्याची जागल

शिडाची नौका आणि वऱ्हाडातले शेत, दोन्हीकडे एक रोग सारखाच: अपुरी झोप.

नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. एकट्या दर्यावर्दीला सलग झोप मिळत नाही. वारा फिरला की शीड आवरायचे, समोरून जहाज येते का ते पाहायचे. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वर नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या; त्या आळीपाळीने पहारा देत.

हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्रीच्या लाईनवर जागणारा आणि दिवसाही राबणारा कास्तकार धामणगावात माझ्याकडे येतो. डोके दुखते, चिडचिड होते, रक्तदाब वाढलेला असतो. तो सलाईन मागतो. त्याला हवी असते झोप. झोपेची उधारी चहा-खर्ऱ्याने फिटत नाही. पहाटे मोटारसायकलवर लागलेली क्षणाची डुलकी जीव घेऊ शकते.

घरात दोघे असाल तर रात्र वाटून घ्या. एकटे असाल तर निघण्यापूर्वी मचाणावर वीस मिनिटे झोपा. जमिनीवर नको, सापाची भीती असते. उठल्यावर तोंड धुऊन, थोडे थांबूनच गाडीला किक मारा. राहिलेली झोप दुपारी पुरी करा.