अंजिरी की डाळिंबी? – टॅबलेटच्या पडद्यावरील रंगांविषयी

या लेखाचा विषय पाहून काही वाचकांना वाटेल की हा मजकूर विज्ञान शाखेच्या पानांवर जायचा, तो चुकून कला शाखेच्या वार्षिकांकात आला. टॅबलेटच्या पडद्यावरील रंग कमीजास्त कसे करावेत हा कवितेचा किंवा ललितनिबंधाचा विषय नव्हे, हे मलाही मान्य आहे. परंतु रंग हा आमच्या घरी पोटाचा प्रश्न आहे. आम्ही येवल्याचे. अण्णा आणि दादा पैठणी विणतात, वहिनी साड्यांचे फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवते; आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच असल्यामुळे कोणत्याही यंत्राविषयीची शंका सरळ माझ्याकडे येते. ‘हे कला शाखेला शिकवत नाहीत’ हे उत्तर आमच्या घरी चालत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एक साडी परत आली. सव्वा महिन्याचे काम. बाईंचे म्हणणे असे, की फोटोत डाळिंबी होती आणि हातात अंजिरी आली. मागावर ती अंजिरीच होती, आमच्या टॅबलेटवरही अंजिरीच दिसत होती. दादा साडी आणायला गेला तेव्हा बाईंनी आपल्या टॅबलेटवर तोच फोटो काढून दाखवला. तेथे ती खरोखरच डाळिंबी होती! म्हणजे बाई खोट्या नव्हत्या आणि आम्हीही नव्हतो. एका फोटोचे दोन रंग कसे झाले, हे शोधून काढणे मला भाग पडले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

पहिली गोष्ट, पडद्यावर पिवळा रंग नसतोच. भिंग धरून पाहिले तर पडद्याचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन बारीक दिव्यांचा असल्याचे दिसते. रंगाऱ्याच्या कढईत लाल आणि हिरवा एकत्र केला तर मातकट तपकिरी निघतो. पण लाल आणि हिरवा उजेड एकत्र डोळ्यांत शिरला की आपण त्याला पिवळा म्हणतो. डोळ्यात रंग ओळखणारी तीनच प्रकारची केंद्रे असावीत, असा अंदाज थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०२ सालीच मांडला होता आणि पुढे तो खरा ठरला. पडदा याच गोष्टीचा फायदा घेतो. सामान्य पडद्यावर प्रत्येक दिव्याला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. तिन्हींचा गुणाकार केला की १,६७,७७,२१६ रंग होतात. एवढे रंग असूनही भांडण एका अंजिरीवरून व्हावे, याची गंमत वाटते.

आता चटकपणा. टॅबलेटात आणि फोटो दुरुस्त करण्याच्या साधनांत याला सॅच्युरेशन म्हणतात. शाळेत आपण साखरेचे संपृक्त द्रावण केले होते, त्यातलाच हा शब्द. परिभाषेत याला संपृक्तता म्हणतात. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने १९०५ साली आपल्या पुस्तकात रंगाचे तीन गुण वेगळे काढले : रंगाची जात, त्याचा उजळपणा आणि त्याचा चटकपणा. आपल्याकडच्या बायका हे केव्हापासून जाणतात. फिका पोपटी, गडद पोपटी आणि मळकट पोपटी या तीन वेगळ्या साड्या आहेत, हे कोणत्याही दुकानात बसून ऐकावे.

पण उजळपणा आणि चटकपणा यांत गल्लत होते, म्हणून थोडे आकडे देते. समजा, अंजिरी रंगासाठी लाल १२०, हिरवा ६० आणि निळा ७५ असे दिवे लागले. यातले साठ-साठ तिघांत सारखेच आहेत. तिन्ही दिवे सारखे लागले की करडा रंग होतो, म्हणजे अंजिरीच्या पोटात साठ भाग करडा मिसळलेला आहे. हाच तिचा सौम्यपणा. आता चटकपणा वाढवला की यंत्र हा करडा भाग काढून घेते : लाल १२० तसाच राहतो, हिरवा २४ वर येतो, निळा ४८ वर. रंगाची जात बदललेली नाही, पण अंजीर गेले आणि डाळिंब आले! मुळातच चटक असलेल्या रंगाचे यात फारसे बिघडत नाही, कारण काढून घ्यायला करडा भाग थोडाच असतो. मार बसतो तो अंजिरी, आमसुली, शेवाळी, राखी अशा मवाळ रंगांना. आणि चटकपणा फारच वाढवला, तर दिवे २५५ च्या टोकाला जाऊन थांबतात. मग पदरावरच्या मोराच्या पिसांतले बारीक फरक एकमेकांत चिकटून त्यांचा एकच भडक डाग होतो.

बाईंच्या टॅबलेटवर हे कोणी केले? मुद्दाम कोणीच नाही. पडदे निरनिराळे दिसू नयेत म्हणून ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९६ साली ‘एसआरजीबी’ नावाचे एक माप ठरवले. बहुतेक फोटोंतले आकडे आजही हेच माप धरून लिहिलेले असतात. परंतु नवे पडदे त्याहून अधिक चटक रंग दाखवू शकतात. अशा पडद्याला जुन्या मापाचे आकडे त्याच मापाने दाखवायला सांगितले तर रंग बरोबर येतो. तेच आकडे त्याच्या पूर्ण ताकदीवर ताणले तर सगळेच भडक होते. काही टॅबलेट कारखान्यातूनच असे ताणून येतात. दुकानात दहा पडदे ओळीने मांडलेले असताना गिऱ्हाईक चटक पडद्यापुढे थांबते, हे विकणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. लग्नाच्या साड्या विकणाऱ्यांनाही हे ठाऊक असते, तेव्हा त्यांना फार नावे ठेवण्यात अर्थ नाही.

उपाय सोपा आहे. सॅमसंगच्या अनेक टॅबलेटांत सेटिंग्ज, डिस्प्ले आणि त्यात स्क्रीन मोड अशा वाटेने गेले की ‘व्हिव्हिड’ आणि ‘नॅचरल’ असे दोन पर्याय मिळतात. पहिला ताणलेला, दुसरा मापातला. इतर कंपन्यांच्या टॅबलेटांत नावे वेगळी असतात, आणि काहींत हा पर्याय मुळीच नसतो. नॅचरल केल्यावर पहिले दोन दिवस पडदा आजारी माणसासारखा दिसतो. तेवढे सोसावे, डोळा सरावतो. इतिहासाच्या मित्रमैत्रिणींनी तर हे जरूर करावे. अजिंठ्याच्या चित्रांतला निळा लाजवर्दी दगडाचा आहे. व्हिव्हिड पडद्यावर तो काल लावलेल्या तेलरंगासारखा चमकतो, आणि त्यावरून आपण त्या काळच्या चित्रकाराच्या अभिरुचीविषयी परीक्षेत उत्तरे लिहितो.

चटकपणानंतर पांढऱ्याची पंचाईत येते. पडद्याचा पांढरा साधारणपणे ६५०० केल्विन या मापाचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा धरतात. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून जी पिवळसर छटा लावतात, ती निळा दिवा मंद करते. आता राणी रंग पाहा. इंद्रधनुष्यात तो कोठेही नाही. लाल आणि निळा मिळूनच तो होतो. त्यातला निळा काढला की राणीचा लालच उरणार. ही छटा सायंकाळी आपोआप सुरू होईल अशीही लावता येते, आणि घरातली कामे आटोपून बायका साड्यांचे फोटो पाहायला बसतात ते नेमके त्याच वेळी. आयपॅडमध्ये २०१६ साली ‘ट्रू टोन’ नावाची सोय आली. तीही आसपासच्या उजेडाप्रमाणे पांढरा बदलत राहते. वाचनाला ती उत्तम, पण साडी निवडताना बंद ठेवावी. खात्री करायची असेल तर दिवसा खिडकीशी बसून कोरा कागद पडद्याशेजारी धरावा. पडदा कागदापेक्षा पिवळा किंवा निळा दिसला की समजावे.

हे सगळे वहिनीला समजावून सांगितल्यावर तिने विचारले, “मग आपला टॅबलेट नीट केला म्हणजे बाईंना नीट दिसेल ना?” खरी मेख येथेच आहे. पडद्याची मांडणी बदलल्याने फोटोतला एकही आकडा बदलत नाही. माझा पडदा मी कितीही सुधारला तरी पुण्याच्या किंवा नागपूरच्या पडद्याला त्याचा पत्ता नसतो. उपयोग एवढाच, की आपण फोटो दुरुस्त करताना आपलाच पडदा आपल्याला फसवत नाही. ताणलेल्या पडद्यावर बसून कोणी फोटो दुरुस्त केला तर तो रंग उगाच उतरवतो, आणि मग साध्या पडद्यावर तीच साडी धुऊन विटल्यासारखी दिसते.

म्हणून आता आमच्याकडे पद्धत अशी ठरली आहे. साडी सकाळी उत्तरेच्या खिडकीशी उघडायची, थेट ऊन टाळायचे, शेजारी कोरा कागद ठेवून फोटो काढायचा. टॅबलेट नॅचरलवर, रात्रीची छटा बंद. साडी समोर ठेवूनच फोटोचा चटकपणा कमीजास्त करायचा, आठवणीवर नाही. फोटोखाली रंगाचे नाव लिहायचे आणि कशासारखा नाही तेही लिहायचे : ‘अंजिरी, डाळिंबी नाही.’ गिऱ्हाइकाला शंका असेल तर त्याच रेशमाचे चार धागे पाकिटातून टपालाने जातात. पाकिटावर वहिनी ‘दिवसा उघडावे’ असे लिहिते, कारण पिवळ्या दिव्याखाली खुद्द रेशीमही वेगळे दिसते.

धूपछाव पैठणीचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. तिचा ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. साडी हलवली की रंग बदलतो. तिचा खरा रंग कोणता, असे मी अण्णांना विचारले, तर ते म्हणाले, “दोन्ही.” फोटोत त्यांतला एकच येतो. तेव्हा त्या साडीचा वहिनी आता व्हिडिओ काढते. दादा पदर धरून हळूहळू फिरवतो आणि मी टॅबलेट धरते.