सरहद्दीवरचं घराणं : डॅनियल बूनच्या वंशावळीचा शोध

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात ब्रॅडनिंच नावाचं लहानसं गाव आहे. तिथे जॉर्ज बून नावाचा क्वेकर पंथाचा विणकर राहत असे. अटलांटिकपलीकडे विल्यम पेननं वसवलेल्या पेनसिल्व्हेनियात क्वेकरांना धर्माची मोकळीक होती आणि जमीनही मुबलक होती. जॉर्जनं आधी आपली थोरली तीन मुलं तिकडे पाठवली. मग बायको मेरी आणि उरलेली मुलं घेऊन 17 ऑगस्ट 1717 रोजी त्यानं स्वतःही गाव सोडलं आणि त्या शरदात हे कुटुंब फिलाडेल्फियाला उतरलं. पुढे पाठवलेल्या मुलांपैकी एक स्क्वायर बून. त्याचा मुलगा डॅनियल म्हणजे केंटकीची वाट मोकळी करणारा, अमेरिकन सरहद्दीचा सर्वांत गाजलेला वसाहतकरी.

आपल्याकडच्या कुलवृत्तांतात शोभेल असा मूळपुरुष म्हणजे जॉर्ज. त्याच्याविषयी इतकं नेमकं सांगता येतं, कारण घरातल्याच माणसांनी ते लिहून ठेवलं. जॉर्जचा मुलगा जॉन यानं माहिती जमवली आणि नातू जेम्स यानं 1788 मध्ये ती उतरवून काढली. जॉर्ज 1744 मध्ये वारला, तेव्हा त्याची 8 मुलं, 52 नातवंडं आणि 10 पतवंडं हयात असल्याची नोंद तिच्यात आहे. बेरीज होते 70, आणि बायबलमधल्या याकोबाचं कुटुंब इजिप्तला गेलं तेव्हा तेही 70 जणांचंच होतं, याची आठवण लिहिणारा आवर्जून करून देतो. हिशेब आणि श्रद्धा एकाच वहीत नांदत होत्या.

सभेची वही

घरच्या वहीइतकीच मोलाची दुसरी वही होती क्वेकर सभेची. क्वेकरांच्या मासिक सभेत विवाह, स्थलांतर, तक्रारी, माफीनामे अशा सगळ्याची नोंद होई. स्क्वायर बून आणि वेल्श क्वेकर घरातली सेरा मॉर्गन यांचं लग्न 1720 मध्ये लागलं. त्यांना अकरा मुलं झाली. डॅनियल त्यातला सहावा.

1742 मध्ये थोरल्या मुलीनं पंथाबाहेरच्या तरुणाशी लग्न केलं. लग्नाआधीच ती गरोदर होती. स्क्वायरला सभेपुढे उभं राहून चूक कबूल करावी लागली. पुढे 1747 मध्ये मुलगा इस्रायल यानंही पंथाबाहेरची मुलगी केली. या वेळी स्क्वायर झुकला नाही. मुलाच्या पाठीशी उभा राहिला म्हणून 1748 मध्ये सभेनं त्याला पंथाबाहेर काढलं. दोन वर्षांत हे कुटुंब पेनसिल्व्हेनिया सोडून नॉर्थ कॅरोलायनातल्या याडकिन नदीच्या खोऱ्याकडे निघालं. स्वस्त जमिनीची ओढ होतीच, पण घर सोडायला लावणारा हा मानापमान सभेच्या इतिवृत्तामुळेच आपल्यापर्यंत पोहोचला. शिक्षा करणाऱ्यांनी लिहिलेल्या या ओळींमध्ये मुलाची बाजू घेणारा बाप दिसतो. माझ्या मते बून घराण्यातली ही सर्वांत जिवंत नोंद आहे.

तारखा आणि हद्दी

अशा शोधात नवखा माणूस अडखळतो तो तारखांपाशी. डॅनियलचा जन्म 22 ऑक्टोबर 1734 चा की 2 नोव्हेंबरचा? दोन्ही बरोबर. इंग्लंडनं आणि त्याच्या वसाहतींनी 1752 मध्ये जुनं कॅलेंडर सोडून नवं घेतलं आणि अकरा दिवस वगळले. बून स्वतः मात्र जन्मभर ऑक्टोबरचीच तारीख सांगत राहिला. त्यात क्वेकर लोक महिन्यांची नावं न घेता आकडे लिहीत आणि 1752 पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च असे. जुन्या वहीतला आठवा महिना ऑगस्ट समजून चालणाऱ्याची वंशावळ दोन महिन्यांनी चुकते.

हद्दींचंही तसंच. डॅनियल जन्मला ती जागा आज बर्क्स काउंटीत आहे, पण ही काउंटी स्थापन झाली 1752 मध्ये. त्याच्या जन्माच्या वेळी तो भाग फिलाडेल्फिया काउंटीत मोडत होता. केंटकी तर 1792 पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होती. म्हणून सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांचे अनेक कागद व्हर्जिनियाच्या दप्तरात सापडतात. केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या जनगणनेची मूळ पत्रकं नष्ट झाली. त्यांची उणीव संशोधक करांच्या याद्यांवरून भरून काढतात. शिवाय 1850 पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. बायको आणि मुलं वयोगटाच्या रकान्यात आकडे होऊन बसत.

मग माणसं सापडतात कुठे? जमिनीच्या कागदांत. 1759 मध्ये स्क्वायरनं डॅनियलला 640 एकर जमीन विकली. बापलेकाचं नातं सिद्ध करायला असा एक विक्रीचा दस्त पुरतो. केंटकीत जमिनीची चतुःसीमा झाडं, ओढे आणि खडक यांच्या खुणांवर ठरत असे. एकाच तुकड्यावर तीन-चार जणांचे दावे चढत आणि खटले वर्षानुवर्षं चालत. बूननं मोजणीदार म्हणून पुष्कळ काम केलं, पण स्वतःच्या जमिनी त्याला टिकवता आल्या नाहीत. ज्या खटल्यांनी वसाहतकऱ्यांना नागवलं, त्यांनीच वंशजांना दप्तर दिलं. साक्षीला आलेले म्हातारे आपलं वय सांगत, कोणत्या साली कोणाबरोबर कुठे तळ टाकला ते सांगत, आणि कारकून ते लिहून घेई.

म्हाताऱ्या मुलाची आठवण

कागद जिथे संपतो तिथे आठवण लागते. लायमन ड्रेपर या ध्यासवेड्या संग्राहकानं सरहद्दीवरच्या जुन्या लोकांच्या आणि त्यांच्या मुलांच्या आठवणी टिपण्यात आयुष्य घातलं. 1851 मध्ये तो मिसूरीत डॅनियलचा धाकटा मुलगा नेथन आणि सून ऑलिव्ह यांच्या घरी गेला आणि त्यांच्याकडून सविस्तर हकिगत उतरवून घेतली. नेथन तेव्हा सत्तरीचा होता. ड्रेपरचं बूनचरित्र अपुरंच राहिलं, पण त्याचा प्रचंड संग्रह आज विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे जपलेला आहे. चित्रांमधला बून रॅकूनच्या कातड्याची टोपी घालतो. प्रत्यक्षात तो फेल्टची हॅट वापरत असे, हे घरच्याच आठवणींतून कळतं.

आठवणींत अफवाही येतात. डॅनियल दीर्घकाळ शिकारीवर असताना मुलगी जेमायमा जन्मली आणि तिचा बाप डॅनियलचा भाऊ होता, ही गोष्ट अनेक रूपांत सांगितली गेली. तिला समकालीन कागदाचा आधार नाही. डीएनए चाचणीनंही ती सहज निकाली निघणार नाही, कारण सख्ख्या भावांचा वारसा फार जवळचा असतो आणि बापाकडून येणारं वाय गुणसूत्र मुलीला मिळतच नाही. 1776 च्या जुलैत शॉनी आणि चेरोकी या मूलनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी जेमायमाला दोन मैत्रिणींसह पळवलं, तेव्हा डॅनियलनं माग काढत तिसऱ्या दिवशी तिला सोडवून आणलं. घराण्याच्या इतिहासात नोंदवायची ती ही गोष्ट.

ज्यांची वही नव्हती

बून घराण्याचा इतका इतिहास उरला, कारण त्याच्याभोवती लिहिणारे होते. पण या इतिहासात दुसरी माणसंही आहेत. 1775 मध्ये ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीनं चेरोकींशी केंटकीतल्या जमिनीचा सौदा केला आणि बूननं तिकडे रस्ता पाडला. त्याच भूमीवर शिकार करणाऱ्या शॉनींना त्या सौद्यात कोणी विचारलं नव्हतं. सरहद्दीवरच्या झुंजींत बूनचे दोन मुलगे गेले, जेम्स 1773 मध्ये आणि इस्रायल 1782 मध्ये. शॉनींचीही मुलं गेली. त्यांची नावं कोणत्याही सभेच्या वहीत नाहीत. 1778 मध्ये शॉनींचा प्रमुख ब्लॅकफिश यानं कैदेतल्या बूनला रीतसर मुलगा मानलं होतं. शॉनींच्या हिशेबानं ते खरंखुरं नातं होतं, छापील वंशवृक्षात मात्र त्याला फांदी नाही.

जेम्स ज्या तुकडीबरोबर होता तिच्यावर हल्ला झाला, तेव्हा तिच्यात गुलाम माणसंही होती. त्यांतला ॲडम ओंडक्यांत लपून वाचला आणि त्यानं पाहिलेलं त्याच्याच तोंडून लोकांना कळलं. डॅनियल स्वतःही गुलाम बाळगत होता. 1787 च्या सुमारास त्याच्याकडे सात गुलाम होते. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या गणतीत मालकाचं नाव असे आणि गुलामांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. मुक्त झालेल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती 1870 मध्ये. त्यामागे जायचं तर त्यांच्या वंशजांना मालकांचीच मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या आणि विक्रीचे दस्त चाळावे लागतात. तिथे त्यांचे पूर्वज घोडे आणि भांड्यांच्या रांगेत सापडतात.

म्हणून सरहद्दीवरच्या घराण्याचा इतिहास ही एकट्या त्या घराण्याची मालमत्ता नाही. एखाद्या गोऱ्या कुटुंबाच्या पेटीतलं आजोबांचं मृत्युपत्र दुसऱ्या एका कुटुंबाच्या पणजीच्या नावाचा एकमेव पुरावा असू शकतं. ज्यांच्याकडे असे कागद आहेत, त्यांनी ते सार्वजनिक संग्रहात द्यावेत. आपली वंशावळ लिहिताना मालमत्तेच्या याद्यांतली गुलामांची नावंही सोबत छापावीत. जॉर्ज बूनच्या सत्तर वंशजांची मोजदाद ठेवणाऱ्या घराण्याच्या वारसांना हे अवघड वाटू नये.