सावली बघा, मग शेतात जा

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबवर सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो: 22 मे आणि 22 जुलैच्या आसपास. मेमध्ये सगळेच दुपट्टा गुंडाळतात. जुलैत पऱ्हाटी डवरताना तो खांद्यावरच राहतो, कारण हवा गार असते. फसगत होते ती इथे. अतिनील किरण अंगाला जाणवतच नाहीत, आणि विरळ ढगांतून बरेचसे खाली उतरतात. अतिनील निर्देशांक 3 झाला की जागतिक आरोग्य संघटना त्वचा जपायला सांगते. 11 पासून पुढे तो अतितीव्र. हवामानाच्या बहुतेक ॲपवर हा आकडा असतो, पण वावरात मोबाइल कोण काढतो? सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की डोकं झाका, बाह्या खाली करा. सावळ्या कातडीला मेलॅनिनचं थोडं संरक्षण असतं. डोळ्यांना ते पुरत नाही. मोतीबिंदूच्या कारणांत अतिनील किरणही आहेत.